घरची गाडी आणि घरची माणसे



२०११ सालच्या जनगणनेत प्रगणकांनी घरोघर जाऊन जे प्रश्न विचारले, त्यांत घरातील वाहनांचाही प्रश्न होता. सायकल आहे काय, स्कूटर किंवा मोटारसायकल आहे काय, आणि कार, जीप अथवा व्हॅन आहे काय, असे ते तीन रकाने. तिसऱ्या रकान्यात 'आहे' असे उत्तर देणारी कुटुंबे साऱ्या देशात ४.७ टक्के निघाली. खेड्यापाड्यांत तर २.३ टक्केच. पुढे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण देशभरात सुमारे साडेसात टक्क्यांवर गेलेले दिसले. आकडे लहान आहेत, आणि ते ध्यानात ठेवूनच आमचे पुढचे बोलणे ऐकावे ही विनंती. मोटारीच्या गोष्टी सांगू लागले म्हणजे सर्वांच्याच दारात मोटार उभी आहे असा भास वक्त्याला होतो, आणि मग तो श्रोत्यांनाही होऊ लागतो.

आज आम्हांला बोलायचे आहे ते त्या तिसऱ्या रकान्याविषयी. सरकारने कार आणि जीप एकाच रकान्यात घातली. सरकारी हिशेबाला ते पुरेसे असेल. परंतु आमच्या सोनपेठेस या दोहोंमध्ये मोठे अंतर मानले जाते. कोणी लहान मोटार घेतली तर लोक पेढा तोंडात टाकून 'छान झाले' म्हणतात आणि आपल्या वाटेने जातात. मोठी गाडी घेतली तर पेढा हातातच राहतो आणि पहिला प्रश्न येतो, "किती शिटा बसतात?" किंमत नंतर, रंग नंतर, तेल किती पिते हेही नंतर. आता प्रश्न विचारणाऱ्याला त्या शिटांशी काय कर्तव्य? गाडी त्याची नव्हे, हप्ता त्याला भरायचा नाही. तरीही तो विचारतो, कारण त्या शिटांपैकी एखादी आपल्याही वाट्याला कधीतरी येणार हे तो जाणून असतो; आणि सांगणाराही ते जाणूनच सांगतो.

घरात नवरा-बायको, दोन मुले, फार तर म्हातारी आई. पाच माणसांना पाच जागांची मोटार पुरते. ती स्वस्त असते, कमी तेलात चालते, आणि आमच्या बोळांतून वळते. मग हे कुटुंब सात किंवा नऊ माणसांची गाडी का घेते? या प्रश्नाला चटकन दिली जाणारी उत्तरे तीन आहेत. रस्ते वाईट, डिझेल स्वस्त, आणि लोकांना मिरवायची हौस. तिन्हींत तथ्य आहे. परंतु तेवढ्याने हा प्रश्न सुटत नाही असे आम्हांस वाटते, आणि ते का, हे पाहण्यासाठी थोडे मागे, बैलगाडीपर्यंत जावे लागेल.

मोटारीपूर्वी आमच्या भागात घरचे वाहन म्हणजे बैलगाडी, हे सर्वांना ठाऊक आहे. पण बैलगाड्या दोन जातींच्या होत्या हे आता विसरत चालले आहे. एक जड गाडी. शेणखत, कडबा, ज्वारीची पोती, कापूस, सर्व काही तिच्यातून जाई. दुसरी हलकी, केवळ माणसांना बसण्यासाठी केलेली. तिला कोठे छकडा म्हणत, कोठे दमणी म्हणत. वऱ्हाडात रेंगी म्हणत. दमणीत दोन-तीन माणसे ऐसपैस बसत, वर छत असे, आणि तिला पळणारे बैल जुंपत. ही दमणी असे देशमुखांकडे, सावकाराकडे, एखाद्या बड्या पाटलाकडे. म्हणजे त्या काळी लहान गाडी ही श्रीमंताची होती आणि मोठी गाडी ही कुणब्याची. आजच्या समजुतीच्या हे अगदी उलट आहे.

यातील कारण उघड आहे. ज्याला एकच गाडी परवडते तो मोठी घेतो, कारण तीच शेतात न्यायची, तीच बाजाराला न्यायची, तीच लेकीला आणायला धाडायची. लहान गाडी ही बहुधा घरातली दुसरी गाडी असते. परळी वैजनाथच्या महाशिवरात्रीला निघायचे झाले म्हणजे कुणबी आदल्या दिवशी हीच खताची गाडी धुऊन काढी, तळाला कडबा पसरी, त्यावर वाकळ टाकी, आणि दहा-बारा माणसे आत बसत. ही माणसे एका घरची नसत. गाडी जाणार हे गल्लीत आधीच कळलेले असे. शेजारची म्हातारी आपले बोचके घेऊन पहाटेच ओट्यावर येऊन बसे. तिला 'जागा नाही' कसे म्हणणार? गाडीचा आकारच तसे म्हणू देत नसे. दमणीवाल्याला ती अडचण नव्हती. तिथे जागा खरोखरीच नसे.

ही जागा गावातील प्रत्येकाला होती असे मात्र कोणी समजू नये. गावकुसाबाहेरचा माणूस त्या गाडीत बसत नसे. तो मागून चालत असे, नाहीतर मुळीच जात नसे. जुन्या गावगाड्याच्या आठवणी काढताना आपण कडब्याची ऊब सांगतो आणि हे सांगायचे राहून जाते.

रेल्वे आली तरी या व्यवस्थेत फारसा फरक पडला नाही. निजामाच्या राज्यात परभणी–परळी हा लोहमार्ग १९२९ साली झाला. तो गंगाखेडवरून गेला आणि सोनपेठ गाव बाजूला राहिले. रेल्वेत बसायचे तर आधी गाडीत बसणे आलेच. निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी रस्त्यावरील वाहतूकही सुरू केली. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १९६१ साली राज्य परिवहन महामंडळ स्थापन झाले. एस.टी.ने जे केले ते बैलगाडीला कधी साधले नव्हते. तिने तिकीट घेणाऱ्या प्रत्येकाला जागा दिली आणि त्याची जात विचारली नाही. पण एस.टी. येते वेळापत्रकाने. रात्री अकरा वाजता बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या तर ती येत नाही. वऱ्हाड तिथीने निघते, एस.टी.च्या वेळेने नाही. जीप आमच्याकडे रुजली ती नेमकी एस.टी. नसलेल्या घटकांत.

जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. अमेरिकेत १९४१ पासून विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी ती लष्करासाठी हजारोंनी बनवली. आपल्याकडे १९४५ साली लुधियानास 'महिंद्र आणि महंमद' नावाची पोलादाचा व्यापार करणारी पेढी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले आणि तेथील पहिले अर्थमंत्री झाले. पेढीचे नाव १९४८ साली 'महिंद्र आणि महिंद्र' झाले, आणि तिने परदेशातून सुटे भाग आणून मुंबईत विलिस जीप जोडण्याचा उद्योग आरंभला. पुढची दोन-तीन दशके खेड्यातल्या माणसाला जीप दिसे ती सरकारी. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली आणि गट विकास अधिकाऱ्याची जीप आली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि सभापतीची जीप आली. निवडणुका आल्या आणि कर्णा लावलेली प्रचाराची जीप आली. जीपमधून उतरणारा माणूस म्हणजे काहीतरी मंजूर करणारा किंवा नामंजूर करणारा, हे समीकरण तेव्हा जे डोक्यात बसले ते आजतागायत पुरते निघालेले नाही. मिरवण्याची हौस म्हणतात तिचे मूळ पैशापेक्षा अधिक या अंमलदारीत आहे. कंत्राटदार आणि पुढारी पांढरी, उंच गाडीच का पसंत करतात, याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको.

लहान मोटारीचा विचार त्या काळात झाला नाही असे नाही. १९५९ च्या सुमारास ल. के. झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सामान्यांना परवडेल अशा स्वस्त मोटारीचा प्रश्न हाती घेतला होता. आपल्या इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी तर 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतः घडवली आणि वर्षानुवर्षे तीत सुधारणा केल्या. पण ती कारखान्यातून बाजारात आली नाही. बाजारात होत्या त्या अँबेसडर आणि फियाट, आणि त्याही नोंदणी करून वाट पाहणाऱ्यांना. शेवटी १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० च्या पहिल्या गाडीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती पडली, आणि शहरातील मध्यमवर्गाचे जीवन तिने पालटले यात शंका नाही. त्या वेळी गावोगावच्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला असे आणि शेजारी आई, वडील व दोन मुले यांचे हसरे चित्र असे. ते भिंतीवरचे कुटुंब मारुतीत नेमके मावत होते.

याच कुटुंबाचा पुढचा अवतार नॅनो. एका दुचाकीवर नवरा, बायको, मुले असे सगळे कुटुंब पावसात जाताना पाहून आपल्याला या मोटारीची कल्पना सुचली, असे रतन टाटा सांगत. १० जानेवारी २००८ रोजी त्यांनी ती लोकांना दाखवली, २००९ साली ती विक्रीस आली, आणि २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. सिंगूरच्या आंदोलनामुळे कारखाना हलवावा लागला, काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्या आल्या, 'सर्वांत स्वस्त' हे बिरूदच तिला भोवले. ही कारणे सांगितली जातात व ती खरी आहेत. आमच्या भागापुरते आम्ही आणखी एक सांगू. मोटारसायकलवर मावणाऱ्या चौघांसाठी मोटारसायकल होतीच. पाऊस लागतो, ऊन लागते, पण ती चालते, पाणंदीतूनही जाते आणि शेताच्या बांधापर्यंत नेते. मोटार हवी होती ती मोटारसायकलवर न मावणाऱ्यांसाठी. गुडघे दुखणारी आजी, बाळंतीण लेक, तिचे सासू-सासरे, आणि पोत्यात बांधलेली वानवळ्याची ज्वारी, ही मंडळी नॅनोच्या चित्रात नव्हतीच.

ती ज्या गाडीत होती तिचे नाव ट्रॅक्स. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या बजाज टेंपो कंपनीने ही गाडी १९८० च्या दशकाच्या अखेरीस काढली. याच कंपनीला २००५ पासून फोर्स मोटर्स म्हणतात. तिच्या जोडीला महिंद्राची कमांडर होती. जीप आधी पेट्रोलवर चालत असे. पुढे तिला ट्रॅक्टरच्या नात्यातले डिझेल इंजिन मिळाले, आणि त्यामुळे एक फार मोठी गोष्ट झाली. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा गावचा मिस्त्री तीही दुरुस्त करू लागला. मागच्या बाजूला दोन आडव्या बाकांवर समोरासमोर माणसे बसत, गुडघ्याला गुडघे लागत, मधल्या जागेत पिशव्या आणि कोंबड्या. वर काळा-पिवळा रंग दिला की ती भाड्याची झाली. परवान्यात नऊ-दहा माणसे लिहिलेली असत, आणि ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक माणूस बसवलेला असे. सोनपेठ–परळी, सोनपेठ–गंगाखेड, सोनपेठ–पाथरी अशा वाटांवर या गाड्यांनी वर्षानुवर्षे लोक वाहिले. बैलगाडीमागून जो माणूस चालत असे त्याची नात या गाडीत पाटलाच्या सुनेच्या मांडीला मांडी लावून बसली. दाटीच इतकी की दुसरे काही करता येत नव्हते. अपघातही पुष्कळ झाले. टपावर, पायदानावर, मागच्या फाळक्यावर लटकलेली माणसे पडली आणि मेली. याची दुसरी बाजू आहे म्हणून पहिली नाकारावी असे नाही, आणि पहिली आहे म्हणून दुसरी झाकावी असेही नाही.

मोठ्या वाहनांचे बोलताना येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या जिल्ह्यातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडायला सहा-सहा महिने बिऱ्हाड हलते. हे बिऱ्हाड जाते मालमोटारीतून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. भांडी, सरपण, शेळी, कोंबड्या, तान्ही मुले, वर पाचटाचे किंवा ताडपत्रीचे सामान. रस्त्यावरील सर्वांत मोठ्या वाहनातून आमच्याकडे सर्वांत गरीब माणूस प्रवास करतो. त्याने ते निवडलेले नसते. निवड हा शब्द आम्ही या व्याख्यानात वारंवार वापरीत आहोत, तो ज्याच्याजवळ दोन पर्याय आहेत त्याच्यापुरताच समजावा.

घरची म्हणून घ्यायची मोठी गाडी आमच्याकडे खऱ्या अर्थाने आली ती १९९४ साली, सुमोच्या रूपाने. हे नाव जपानी मल्लावरून ठेवले असे पुष्कळांना वाटते. वास्तविक ते टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावा-आडनावाची आद्याक्षरे जोडून झालेले आहे. पुण्याचा मोटार-कारखाना उभारणाऱ्या या मराठी इंजिनिअरचे १९८९ साली निधन झाले. पाच वर्षांनी त्यांचे नाव आमच्या लग्नाच्या वऱ्हाडांतून हिंडू लागले. सुमोत दहा माणसे बसत, बाके तीच, पण त्यांवर गादी होती आणि दारांना काचा होत्या. एवढ्याने भाड्याची गाडी आणि घरची गाडी यांतला फरक पडला. मागोमाग २००० साली क्वालिस आणि बोलेरो, २००२ साली स्कॉर्पिओ, २००५ साली इनोव्हा, २०१२ साली अर्टिगा. बोलेरो आणि स्कॉर्पिओ नाशिकच्या. क्वालिस ही मूळची इंडोनेशियात नावाजलेल्या टोयोटा किजांगची बहीण. तिकडेही नात्यागोत्याच्या मोठ्या घरांना एकत्र नेणारी गाडी म्हणूनच ती प्रसिद्ध होती, ही गोष्ट आम्हांला मोठी सूचक वाटते.

आता ती तीन उत्तरे तपासून पाहू. रस्त्यांचे घ्या. काळ्या जमिनीचा चिखल ज्याने पाहिला आहे त्याला उंच गाडीचे महत्त्व सांगायला नको. पण २५ डिसेंबर २००० पासून प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली, आणि ज्या वाटांनी पूर्वी पावसाळ्यात बैलही रुतत त्यांतल्या पुष्कळ डांबरी झाल्या. रस्ते सुधारल्यावर उंच गाड्या कमी व्हायला हव्या होत्या. झाले उलटे. डिझेलचे घ्या. अनेक वर्षे सरकारने डिझेलची किंमत पेट्रोलपेक्षा बरीच खाली धरून ठेवली होती आणि त्याचा फायदा जीप-सुमोला मिळाला, हे खरे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलची किंमत खुली झाली, दोहोंतले अंतर घटले. तरी मोठ्या गाड्या राहिल्याच, इतकेच नव्हे तर पेट्रोलवरच्या मोठ्या गाड्याही खपू लागल्या. कुटुंबाच्या आकाराचे म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत देशातील सरासरी कुटुंब पाच माणसांच्याही किंचित खाली आले होते. कुटुंब लहान होत गेले आणि गाडी मोठी होत गेली.

सरकारी करानेही लहान गाडीची बाजू घेऊन पाहिली. २००६ सालच्या अंदाजपत्रकात चार मीटरांहून कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादन शुल्क कमी करण्यात आले. बोलेरो चार मीटरांहून थोडी लांब होती. २०१६ साली कंपनीने तिची लांबी चार मीटरांच्या आत आणली, इंजिनही लहान केले आणि सवलत मिळवली. पण शिटा? त्या सातच्या सातच ठेवल्या. गाडीचे काय कापले तर गिऱ्हाईक ऐकून घेईल आणि काय कापले तर निघून जाईल, हे विकणाऱ्याला बरोबर ठाऊक होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर लहान मोटारींवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. याचा परिणाम काय होतो ते दिसेलच.

मग उरते काय? आमचे म्हणणे असे की, आमच्याकडचे घर गाडी घेते ते रोजच्या दिवसासाठी नव्हे. वर्षातल्या ज्या पाच-सात दिवशी ती भरायची असते त्या दिवसांसाठी घेते. लेकीचे कुंकू लावायला जायचे असते. तेथे नवरा-बायको दोघेच गेले तर सोयरे विचारतात, 'भावकीतले कोणी आले नाही?' पंचमीला मुराळी जातो; येताना लेक, तिची मुले आणि कधी नणंदही येते. दहाव्याला गंगाखेडला गोदावरीवर जायचे असते. जावळ असते, तुळजापूर असते, पंढरपूर असते. शहरातला माणूस असल्या दिवशी भाड्याने गाडी करतो आणि विसरून जातो, आणि हिशेबाने त्याचेच बरोबर आहे. पण लग्नसराईत तिथी सर्वांची एकच असते. त्या दिवशी भाड्याची गाडी ज्याला नको असते त्यालाच मिळते.

आणि दुखण्याचा दिवस. आमच्याकडे माणूस फार आजारी झाला म्हणजे त्याला अंबाजोगाईला न्यायचे, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. पूर्वी बाजेवर घालून गाडीवाटेपर्यंत आणीत आणि तेथून बैलगाडीत. पुढे ज्याच्याकडे जीप असे त्याचे दार वाजवीत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ साली आली. तोपर्यंत गावची रुग्णवाहिका म्हणजे ज्याची मोठी गाडी तोच. मोठ्या गाडीत माणूस आडवा होतो. लहान गाडीत त्याला बसवावा लागतो, आणि बसू न शकणारा माणूस मांडीवर घेऊन पन्नास किलोमीटर जाणे काय असते हे ज्याने केले त्याला विचारावे. त्या रात्री दार उघडणाऱ्याचे नाव लोक दोन पिढ्या काढतात. न उघडणाऱ्याचेही काढतात.

अमेरिकेत याच प्रश्नाचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. तेथील स्टेशन वॅगन ही मुळात नावाप्रमाणेच रेल्वेस्टेशनावरून पाहुणे व त्यांचे सामान आणणारी गाडी. पुढे ती घरोघर आली. १९८३ अखेर क्रायसलर कंपनीने मिनीव्हॅन काढली आणि मुलाबाळांच्या आया ती चालवू लागल्या. त्याच सुमारास सर्व राज्यांत लहान मुलांना मोटारीत वेगळ्या सुरक्षित आसनात बसवण्याचे कायदे झाले. अशी तीन आसने लहान मोटारीत मागे मावेनात, म्हणून तिसऱ्या मुलाबरोबर मोठी गाडी घेणे भाग पडू लागले. तेथे गाडी मोठी होते ती पोटच्या मुलांच्या संख्येने. आमच्याकडे ती मोठी होते मुलांवाचूनच.

या सर्वांत घरच्या बायकांचे काय, हा प्रश्न कोणी विचारील, आणि विचारायला हवा. मोठ्या गाडीत पुरुष पुढे बसतात, जावई मधल्या बाकावर, आणि सुना अगदी मागे, जेथे धक्के अधिक लागतात आणि खिडकी उघडत नाही. उलटी होते ती त्यांनाच. ज्या सुनेला स्वतः गाडी चालवायची असते ती बहुधा लहान मोटार मागते. शाळेत मुलांना सोडता येते, बाजारात लावता येते, आणि मुख्य म्हणजे 'आम्हांलाही घे' असे कोणी म्हणू शकत नाही. त्यात तिचा अप्पलपोटेपणा पाहणारे लोक आहेत. आम्हांला तसे वाटत नाही. शंभर वर्षे जिने मागच्या बाकावर बसून सर्वांचे डबे सांभाळले, तिने पुढच्या सीटवर एकटे बसावे असे तिला वाटले तर त्यात वावगे काय?

आता हे सारे येऊन ठेपते ते वाटणीवर. पूर्वी भाऊ वेगळे निघत तेव्हा वाटणीपत्रात बैलजोडी आणि गाडी लिहिली जाई. एकाला बैल गेले तर दुसऱ्याला गाडी, किंवा पेरणी होईपर्यंत दोघांत. आज तीन भावांच्या चुली तीन असतात आणि मोठी गाडी एक असते. तिच्या कागदावर मात्र नाव एकाचेच लागते. कर्जही त्याच्याच नावे, हप्ताही त्याच्याच खात्यातून. बाकीचे डिझेल घालतात, कधी टायर घालतात. हप्ता थकला तर कंपनीचा माणूस त्याच्याच दारात येतो. लग्नसराईत गाडी कोणाच्या सोयऱ्याकडे आधी जायची यावर धुसफूस होते, ड्रायव्हिंग येणाऱ्या पुतण्याची विनाकारण किंमत वाढते, आणि थोरल्याची बायको एखाद्या दिवशी किल्ली देताना जरा वेळ लावते. तो वेळ सर्वांच्या ध्यानात येतो. कोणी काही बोलत नाही. मग दिवाळीपाडव्याला धाकटा भाऊ परभणीला जातो आणि पाच शिटांची मोटार घेऊन येतो. थोरला तिला नारळ फोडतो, वहिनी ओवाळते, आणि गल्लीतला माणूस पेढा तोंडात टाकून 'छान झाले' म्हणतो.